बाहेर पडण्याची किंमत : पुलांचे पाये, हवेचा दाब आणि मजुरांची शरीरं

आजचा विषय ऐकून काही जणांना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस पुलांच्या पायांविषयी काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की ‘कारण म्हणजे काय’ हा प्रश्न आम्ही वर्गात घडा आणि कुंभार, धूर आणि अग्नी असली उदाहरणं घेऊन शिकवतो, आणि मुलांना तो पोपटपंचीचा वाटतो. पण एकोणिसाव्या शतकात याच प्रश्नाचं उत्तर चुकल्यामुळे, आणि पुढे बरोबर उत्तर मिळूनही ते न वापरल्यामुळे, माणसं मेली, लुळी झाली. ती कथा मला आज सांगायची आहे.

आधी थोडी भूमिका. समुद्रसपाटीला आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो त्याला आपण एक वातावरण म्हणू. पाण्यात दर दहा मीटर, म्हणजे साधारण तेहेतीस फूट खाली गेलं की आणखी एक वातावरण दाब वाढतो. आता समजा, नदीच्या पात्रात पुलाचा खांब उभा करायचा आहे. वर पाणी, खाली गाळ, त्याच्याखाली वाळू आणि कुठेतरी खोल कातळ. खणायचं कसं? त्यावर एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनिअरांनी एक युक्ती काढली. रिकामा पेला पाण्यात उलटा दाबला तर आतली हवा तशीच राहते, पाणी आत शिरत नाही. तसाच एक प्रचंड पेला करायचा, लाकडाचा किंवा लोखंडाचा, तळ नसलेला. तो पात्रात बसवायचा, पंपानं आत इतकी हवा दाबायची की पाणी बाहेरच थोपेल, आणि त्या हवेत मजूर उतरवायचे. त्यांनी तळ खणत राहायचं, वर खांबाचं बांधकाम चढत राहायचं, आणि त्या वजनानं पेटी हळूहळू खाली जात राहायची. या पेटीला ‘केसॉन’ म्हणतात. आत-बाहेर करण्यासाठी दोन दारांची एक छोटी खोली असते, तिचं नाव एअरलॉक. एक दार बाहेरच्या हवेत उघडतं, दुसरं दाबाच्या हवेत. ही खोली नीट लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट या खोलीतच घडते.

ही पद्धत पहिल्यांदा यशस्वीपणे वापरली फ्रान्समध्ये, जाक त्रिजे या इंजिनिअरनं. १८३९ च्या सुमारास, ल्वार नदीकाठी शालोन इथे कोळशाची खाण खणताना. आणि १८४१ साली त्यानं स्वतःच एक नोंद केली, की सात तास दाबाच्या हवेत राहिलेल्या दोन मजुरांना बाहेर आल्यावर सांध्यांत जोराच्या वेदना झाल्या. या आजाराची ही पहिली नोंद मानली जाते.

त्यानंतर पोल आणि वातेल हे दोन फ्रेंच डॉक्टर आले. खाणीतल्या मजुरांवर लक्ष ठेवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. १८५४ साली त्यांनी आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यांत दोन गोष्टी होत्या. पहिली : दाबाच्या हवेत शिरण्यात धोका नाही, तिथे राहण्यातही फारसा नाही, जी किंमत मोजावी लागते ती बाहेर पडताना. दुसरी : दुखणं सुरू झालेल्या माणसाला पुन्हा दाबाच्या हवेत नेलं तर त्याला आराम पडतो.

मंडळी, १८५४ हे साल डोक्यात ठेवा. आजाराचं मर्म आणि त्यावरचा उपाय, दोन्ही त्या वर्षी छापून आले होते. कारण अजून कळलेलं नव्हतं, पण ते कुठे शोधायचं ते ठिकाण कळलं होतं. ते ठिकाण म्हणजे बाहेर येण्याचं दार.

आता अमेरिकेत जाऊ. सेंट लुइस शहर, मिसिसिपी नदी. जेम्स ईड्स नावाचा इंजिनिअर तिथे पूल बांधत होता. कातळ फार खोल होता. एका पायासाठी तर शंभर फुटांच्याही बरंच खाली जावं लागलं. १८७० च्या सुरुवातीपासून मजूर आजारी पडायला लागले. कोणाच्या गुडघ्यांत कळा, कोणाला चालता येईना, कोणाची लघवी अडली. काही जण तर वर आल्यावर काही वेळातच मेले. किमान बारा मजूर या आजारानं गेले. वेदनेनं कमरेत वाकून चालणाऱ्या माणसांची इतर मजूर थट्टा करत. त्या काळी फॅशनेबल बायका थोडं पुढे झुकून चालायच्या, त्या चालीला ‘ग्रीशियन बेंड’ म्हणत. त्यावरून या आजाराला ‘बेंड्स’ हे नाव पडलं असं सांगतात. मरणाच्या दारातही मजूर थट्टा करतात, हे आपल्याकडच्या गिरणगावालाही माहीत आहे.

ईड्सनं आपला डॉक्टर तिथे नेमला, अल्फोन्स जामिने. हा प्रामाणिक माणूस होता. तो स्वतः खाली उतरला, सुमारे ९५ फूट खोलीवर, म्हणजे नेहमीच्या जवळजवळ चौपट दाबात, पावणेतीन तास थांबला, आणि साडेतीन मिनिटांत बाहेर आला. घरी पोचल्यावर त्याचे हातपाय चालेनात, बोलताही येईना. सुदैवानं तो वाचला, आणि आपल्याला काय काय झालं ते त्यानं लिहून ठेवलं. डॉक्टरनं स्वतःच्या शरीरावरून केलेलं या आजाराचं ते पहिलं वर्णन.

पण निष्कर्ष काय काढला? त्याच्या मते कारण होतं थकवा. जास्त दाबात शरीर फार लवकर झिजतं, म्हणून माणूस कोसळतो. मग त्यानं पाळ्या छोट्या केल्या, विश्रांती वाढवली, खाण्यापिण्याचे नियम घातले. मजुरांनी आपल्या परीनं उपाय शोधले होते. जस्त आणि चांदीच्या चकत्यांचे पट्टे ते मनगटाला, दंडाला, कमरेला बांधायचे. आपण त्याला ताईत म्हणू. तेव्हा तो विज्ञानाचा उपाय समजला जात होता.

इथे थोडं थांबून आपल्या न्यायशास्त्राकडे बघू. नैयायिकांनी कारणाची व्याख्या फार काटेकोर केली आहे. जे कार्याच्या आधी नियमानं असतं, आणि जे ‘अन्यथासिद्ध’ नसतं, ते कारण. अन्यथासिद्ध म्हणजे काय? त्यांचं प्रसिद्ध उदाहरण आहे कुंभाराचं गाढव. घडा होण्याआधी गाढव माती घेऊन येतं, ते तिथे हजर असतं. पण गाढव हे घड्याचं कारण नाही. गाढवाऐवजी डोक्यावरून माती आणली तरी घडा होतोच. गाढव आधी होतं एवढंच.

सेंट लुइसचे डॉक्टर आणि इंजिनिअर काय काय मोजत होते बघा. मजूर दारू पितो का? जाड आहे का? उपाशी पोटी कामाला आला का? या सगळ्या गोष्टी आजाराच्या आधी हजर होत्या. म्हणजे एक एक गाढव मोजणं चालू होतं! आणि यातला प्रत्येक प्रश्न मजुराच्या अंगाकडे, त्याच्या सवयींकडे बोट दाखवत होता. एअरलॉकचा झडप किती वेगानं उघडला, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नव्हतं.

आता न्याय्य बोलायचं तर जामिनेच्या उपायांचा थोडा फायदा झाला. छोट्या पाळ्यांमुळे त्रास खरंच कमी झाला, पण थकवा कमी झाला म्हणून नव्हे. चुकीच्या सिद्धांतानं बरोबर गोष्ट घडली. विज्ञानाच्या इतिहासात असं होतं, आणि तेच घातक असतं. कारण थोडा गुण आला की माणूस खरं कारण शोधायचं थांबवतो.

मग खरं कारण काय होतं? सोड्याच्या बाटलीचं उदाहरण घ्या. बंद बाटलीत वायू पाण्यात विरघळलेला असतो, एक बुडबुडा दिसत नाही. बूच काढलं, दाब गेला, की फसफस. आपल्या हवेत सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतो. जास्त दाबात श्वास घेतला की तो रक्तात आणि मांसात जास्त विरघळतो. चरबीत तर पाण्याच्या मानानं पाचेक पट. वेळ जितका जास्त तितका साठा जास्त. म्हणून छोटी पाळी उपयोगी पडली. दाब झटकन उतरला की हा नायट्रोजन शरीरातच बुडबुड्यांच्या रूपानं सुटतो. सांध्यात सुटला तर कळा, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत सुटला तर पाय लुळे, फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत फार साचला तर मृत्यू.

याची चाहूल फार जुनी आहे. रॉबर्ट बॉइलनं १६७० साली एका सापाला काचपात्रात ठेवून आतली हवा ओढून घेतली होती, आणि त्या सापाच्या डोळ्यात त्याला एक बुडबुडा हलताना दिसला होता. पण त्या बुडबुड्याचा मजुराच्या गुडघ्याशी संबंध लावायला दोनशे वर्षं गेली. तो संबंध सिद्ध केला फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यानं. त्यानं कुत्र्यांसारख्या प्राण्यांवर प्रयोग केले, दाब एकदम उतरवला, रक्तात आलेला वायू तपासला. तो मुख्यतः नायट्रोजन निघाला. १८७८ साली त्याचा मोठा ग्रंथ आला. सल्ला स्पष्ट होता : दाब सावकाश उतरवा.

याला आपल्याकडे अन्वय-व्यतिरेक म्हणतात. जास्त दाबात राहून दाब सावकाश उतरवला तर आजार नाही. तोच दाब, तोच माणूस, पण झटकन उतरवला तर आजार. म्हणजे बदलली ती एकच गोष्ट, वेग.

मधल्या काळात ब्रुकलिनचा पूल चालू होता. मुख्य इंजिनिअर जॉन रोबलिंग १८६९ मध्ये धनुर्वातानं गेला आणि काम त्याच्या मुलाकडे, वॉशिंग्टन रोबलिंगकडे आलं. ब्रुकलिनच्या बाजूचा केसॉन सुमारे ४४ फुटांवर थांबला. न्यूयॉर्कच्या बाजूचा मात्र खाली जातच राहिला. पन्नास, साठ, सत्तर फूट. डॉक्टर अँड्र्यू स्मिथ यांनी तिथे उपचार करावे लागले असे ११० रुग्ण नोंदवले. १८७२ च्या एप्रिलपासून मजूर मरायला लागले, आणि मे महिन्यात केसॉनच्या मजुरांनी संप केला. त्यांची मागणी होती चार तासांच्या कामाला तीन डॉलर. माझ्या मते हा संप या इतिहासातला महत्त्वाचा प्रसंग आहे. मजुरांना नायट्रोजन माहीत नव्हता, पण खाली घालवलेल्या प्रत्येक तासाची किंमत शरीर मोजतं, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

‘केसॉनचा आजार’ हे नाव रूढ केलं ते स्मिथनीच, १८७३ मध्ये. हा त्रास दाब कमी झाल्यानंतरच होतो हे त्यांनी नेमकं टिपलं होतं, आणि रुग्णाला पुन्हा दाबात ठेवण्यासाठी खास पेटी असावी असंही सुचवलं. पण तोवर ब्रुकलिनचं खोलवरचं काम संपलं होतं. ती पेटी तिथे कधी बनलीच नाही.

वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः वारंवार खाली जायचा. १८७२ मध्ये तोही कोसळला, आणि पुढची वर्षं घरातून कामावर लक्ष ठेवत राहिला. पत्नी एमिली निरोप घेऊन कामावर जायची, इंजिनिअरांशी बोलायची, गणित शिकली, पूल समजून घेतला. २४ मे १८८३ ला पूल खुला झाला. आज लोकांना रोबलिंग आणि एमिली ठाऊक आहेत, ते योग्यच आहे. पण ते ११० जण कोण होते?

एक गोष्ट रोबलिंगच्या बाजूनं सांगायला हवी. न्यूयॉर्कच्या बाजूला कातळ अजून खाली होता. आणखी खाली जाणं म्हणजे आणखी मृत्यू, हे त्याच्यासमोर होतं. त्यानं वाळूचा थर तपासला, तो घट्ट आहे असं ठरवलं आणि ७८ फुटांवर थांबायचा निर्णय घेतला. तो खांब आजही त्या वाळूवरच उभा आहे. म्हणजे पुलाचा पाया किती खोल असावा, हा प्रश्न फक्त मातीचा नव्हता, माणसांचाही होता. आणि एका इंजिनिअरनं तो तसा विचारला.

आता न्यूयॉर्कची दुसरी नदी, हडसन. तिच्याखालून बोगदा खणायचं काम १८७४ मध्ये सुरू झालं, बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. १८८९ मध्ये अर्नेस्ट मॉयर हा ब्रिटिश इंजिनिअर तिथे आला. त्याला काय दिसलं? पन्नासएक माणसांतून महिन्याला एक माणूस मरत होता. म्हणजे वर्षाला शेकडा पंचवीस! त्यानं एक लोखंडी दंडगोल बसवला, आत खाटा ठेवल्या. मजूर आजारी पडला की त्याला आत घ्यायचं, दाब वाढवायचा आणि मग अगदी सावकाश उतरवायचा. पुढच्या पंधरा महिन्यांत १२० माणसांमध्ये दोनच मृत्यू झाले.

आता ते साल आठवा, १८५४. पोल आणि वातेल यांनी ही गोष्ट लिहून ठेवली होती. तिच्यासाठी नवीन विज्ञान लागत नव्हतं. लागत होता एक लोखंडी दंडगोल, एक पंप आणि थोडा वेळ. हे घडायला पस्तीस वर्षं लागली. म्हणून मी म्हणतो, की ‘त्या काळी माहीतच नव्हतं हो’ हे वाक्य इतिहासात फार जपून वापरावं. कोणाला माहीत नव्हतं? कुठे माहीत नव्हतं? आणि माहीत करून घेणं कोणाला परवडत नव्हतं?

कारण दाब सावकाश उतरवणं म्हणजे काय? एअरलॉकमध्ये माणसं नुसती बसून राहणार, एका मिनिटाचंही काम न करता. त्या वेळेची मजुरी कोण देणार? आणि फक्त मालकाला दोष देऊन भागत नाही. मजुरालाही घाई असायची. दाब उतरताना हवा प्रसरण पावते, थंड होते, खोलीत धुकं धरतं. घामानं भिजलेला माणूस त्या गारठ्यात का थांबेल? शिवाय शरीर उलटा इशारा देतं. आत शिरताना कान ठणकतात, म्हणून माणूस शिरायला घाबरतो. बाहेर पडताना मोकळं वाटतं, म्हणून घाई करतो. जिथे दुखतं तिथे मोठा धोका नाही, आणि जिथे बरं वाटतं तिथे मरण आहे. त्यामुळे हा निर्णय एकट्या मजुराच्या इच्छेवर सोडून चालणारच नव्हता.

मग ‘सावकाश’ म्हणजे नेमकं किती? ते ठरवलं जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. ब्रिटिश नौदलानं १९०५ मध्ये त्यांच्यावर पाणबुड्यांसाठी हे काम सोपवलं. त्यांनी लंडनच्या लिस्टर संस्थेत बकऱ्यांवर प्रयोग केले. बकरीला त्रास झाला की ती पुढचा पाय उचलून धरते, ते लगेच दिसतं. त्यांच्या लक्षात आलं, की दुप्पट दाबातून साध्या दाबात एकदम आलं तरी सहसा काही होत नाही. मग तेच प्रमाण वर लावायचं. सहा वातावरणांतून तीनवर लवकर यायचं, तिथून पुढे टप्प्याटप्प्यानं थांबत यायचं. म्हणजे सारखं संथ येणंही बरोबर नव्हे. सुरुवातीला खोलवर रेंगाळलं तर शरीर आणखी नायट्रोजन घेत राहतं. कुठे थांबायचं आणि किती, याचे तक्ते १९०८ मध्ये बॉयकट आणि डमंट यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केले. आजचे पाणबुडे मनगटावर जे संगणक बांधतात, त्यातली गणितं पुढे खूप सुधारली, पण कूळ तेच.

या हॉल्डेनचा मुलगा म्हणजे आपल्याला माहीत असलेले जे. बी. एस. हॉल्डेन. वडिलांच्या प्रयोगांत तेरा वर्षांचा असताना स्कॉटलंडच्या समुद्रात तो गळका पोशाख घालून उतरला होता. पुढे १९५७ मध्ये ते भारतात आले, इथले नागरिक झाले, आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आपलं शरीर त्यांनी मरणोत्तर वैद्यकीय महाविद्यालयाला दिलं. शरीर हेच प्रयोगाचं साहित्य, हा त्या घराण्याचा बाणा होता. पण एक फरक विसरू नका. हॉल्डेन स्वेच्छेनं उतरले. केसॉनमधला मजूर पोटासाठी उतरला. ज्ञान दोघांच्या शरीरांतून आलं, नाव मात्र एकाचंच राहिलं.

तक्ते आले म्हणजे सगळं संपलं असंही नाही. १९११ मध्ये हॅम्बुर्गच्या एल्ब नदीखालच्या बोगद्यातल्या कामगारांच्या हाडांत झीज आढळल्याची नोंद झाली. खांद्याचं, खुब्याचं हाड आतून मरतं, आणि ते कळतं कित्येक महिन्यांनी, वर्षांनी. तेव्हा काम संपलेलं असतं, ठेकेदार निघून गेलेला असतो. अशा दुखण्याचं कारण कोर्टात सिद्ध करायचं कसं? पुन्हा आमचा जुना प्रश्न!

आपल्या दारात काय आहे? मुंबईपासून सुमारे दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर बॉम्बे हाय आहे. अशा खोल समुद्रातल्या तेलक्षेत्रांवर पाणबुड्यांना लांब काम करायचं असतं तेव्हा त्यांना जहाजावरच्या दाबाच्या खोलीत दिवसेंदिवस ठेवतात, आणि शेवटी एकदाच सावकाश बाहेर काढतात. त्या बाहेर येण्यालाच काही दिवस लागू शकतात. म्हणजे आज बाहेर पडण्याचा वेळ कामाचा भाग धरला जातो. त्या वेळेचे पैसे मिळतात. शंभर वर्षांत बदललं असेल तर हे.

आणि तुमच्यापैकी जे तारकर्लीला, मालवणला स्कूबा करायला जातात त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. एक, पाण्याखालून वर येताना श्वास कधीही रोखून धरू नका. दहा मीटरवरून वर येईपर्यंत फुफ्फुसातली हवा दुप्पट फुगते. ती इजा वेगळी, पण बाहेर पडतानाचीच. दुसरी, उथळ पाण्यातल्या एका छोट्या डुबकीनंतर घाबरायचं कारण नसतं, पण कोणी खोल आणि वारंवार डाइव्ह करत असेल तर लगेच विमानात बसू नये, आणि लगेच घाट चढून कोल्हापूर-पुण्याकडेही निघू नये. उंचीवर हवेचा दाब आणखी कमी होतो. मार्गदर्शक जेवढा वेळ थांबायला सांगेल तेवढं थांबा.

शेवटी मूळ मुद्दा. कारण शोधताना आपण कुठे बघतो, हे नुसत्या बुद्धीवर ठरत नाही. सेंट लुइसचे लोक हुशार होते. पण मजुराची दारू मोजायला खर्च येत नाही. झडप हळू उघडायला येतो. म्हणून कुठल्याही अपघाताच्या, आजाराच्या चौकशीत एखाद्यानं ‘माणसाचीच चूक’ असं म्हटलं, की मला कुंभाराचं ते गाढव आठवतं. मी विचारतो, की दार किती वेगानं उघडलं होतं? आणि ते हळू उघडायचं, तर त्याचे पैसे कोणी द्यायचे होते?

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.